आसरांच्या बेटावर

त्या वर्षी आमची महिला दूध सोसायटी उन्हाळा लागायच्या आतच बंद पडली. कुणी बुडवली नाही, दूधच यायचं थांबलं. निम्म्या बायका उसतोडीला गेल्या होत्या. उरलेल्यांची जनावरं चारा छावणीत गेली, नाहीतर बाजारात विकली गेली. शेवटी शेवटी तर कॅनचा तळसुद्धा झाकेना. मी सोसायटीची सचिव. एका सकाळी फॅट काढायच्या मशिनवर जुनं धडपं टाकलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून घरी आले.

लग्न होऊन आल्यापासून मी पहाटे उठत आले होते. आता उठायचं कारण उरलं नव्हतं, तरी जाग यायचीच. घर मोठं आणि माणसांचं. माझे धाकटे दीर पुढारपण करतात. त्या वर्षी छावणी त्यांच्याच देखरेखीखाली होती, म्हणून ओसरीवर दिवसभर माणसं. कुणाला टँकर पाहिजे, कुणाचं जनावर छावणीत घ्यायचंय, कुणी नुसताच बसलेला. चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं आणि चहाला लागणारं पाणी मोजून घ्यावं लागत होतं. अंघोळ एका तांब्यात, तीही दिवसाआड. केसांना तर कित्येक आठवडे नीट पाणी लागलं नव्हतं. डोकं खाजवून खाजवून मी कावले होते.

भांडण कुणाशीच नव्हतं. एवढंच, की कुठंतरी एकटं जावंसं वाटत होतं. तोवर मी माहेरी, सासरी, लग्नात नाहीतर दवाखान्यात, याशिवाय कुठं रात्र काढली नव्हती. त्यातही बरोबर कुणीतरी असायचंच.

जावं कुठं, हे मात्र मला ठाऊक होतं.

दिंद्रुडच्या बाजारात आमचा दुधाचा टेम्पो थांबायचा, तिथंच कडेला एक मासेवाली बसायची. भिल्ल समाजाची, साठीकडं झुकलेली, काटक बाई. दंडावर, हनुवटीवर हिरवं गोंदण. उन्हाळ्यात ती माझ्याकडं दूध गार ठेवायला आणलेला बर्फ मागायची, मी द्यायची. मग टेम्पो येईपर्यंत दोघी बोलत बसायचो. मी तिला मावशी म्हणायची, ती मला ताई. धरणाच्या फुगवट्यात पाण्यानं वेढलेला एक उंचवटा आहे, तिथं तिच्यासारखी काही घरं राहतात, हे तिनंच सांगितलं. नवरा मच्छीमार सोसायटीचा सभासद होता. तो वारल्यावर सोसायटीवाले म्हणाले, बाईमाणूस जाळं टाकत नसतं, सभासद कशी करायची? मावशी दुसऱ्या दिवशी ओलं जाळं आणि त्यात अडकलेले जिते मासे घेऊन ऑफिसात गेली आणि जाळं टेबलावर ओतलं.

"मासे टेबलावर नाचाय लागले बगा," ती सांगायची. "म्हनलं, हे काय आभाळातून पडले का? झाले मग मी सभासद."

"या की एकदा बेटावर," असं ती दरवेळी म्हणायची. म्हणायला म्हणून म्हणत असेल, असं मी धरून चालले होते. त्या वर्षी मी तिला विचारलं, "खरंच येऊ का?" ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाजाराच्या दिवशी माझ्यासंगच चला."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, ज्वारी पाखडत होत्या.

"कुटं म्हनलीस?"

"बेटावर. धरणातल्या. मासेवालीकडं."

"आगं, तो तर आपला माळ! धरन व्हायच्या आदी आपली शेरडं चरायची तिथं. दगडाबिगर काय न्हाई. कशाला चाललीस?"

"उगंच. दोन-तीन दिवस."

"कुनी काय बोललं का तुला?"

"नाही हो आत्याबाई."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता नको म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "तिथं साती आसरा हायेत. माज्याकडून हळदकुंकू घिऊन जा. लई वर्सं झाली, कुनी गेलंच न्हाई." नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, "पोहता येतं का तुला?" नाही म्हटलं. "मग जपून," एवढंच बोलले आणि टँकरच्या मागं गेले.

बाजार उठल्यावर मावशीबरोबर एस्टीनं निघाले. उतरल्यावर बराच वेळ चालावं लागलं. मी तिथं पूर्वी एकदा आले होते, तेव्हा रस्त्याला लागूनच पाणी होतं. आता रस्ता संपला तिथून भेगाळलेला गाळ सुरू झाला. भेगांत पाऊल मावेल एवढी फट. वाळलेल्या शिंपल्या पायाखाली कुरकुर वाजत होत्या. पुढं पुढं गाळ नांगरलेला दिसायला लागला. काही तुकड्यांत हिरवा मका हातभर वाढला होता. अख्ख्या तालुक्यात कुठं हिरवं नव्हतं, तिथं हा रंग डोळ्यांत भरला. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात जुने जमीनमालक पेरा करतात, त्याला आमच्याकडं गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचा त्यावर पहिला हक्क. मी मावशीला म्हटलं, "मका छान आलाय." ती भरभर पुढं चालत राहिली.

पाण्याच्या काठाला थर्माकोलचा तराफा होता. पांढरे ठोकळे जाळ्यात गुंडाळून वर फळ्या बांधलेल्या. मी त्याच्याकडं बघितलं आणि काठावरच थांबले.

"मावशी, यावर दोघी?"

"म्हशीएवढं वजन सोसतो. बसा खाली, आन उटू नका."

तिनं बांबूनं तराफा लोटला. मी दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई, डोळे उगडा. हितं गुडग्याएवढंबी पानी न्हाई." उघडले तर खरंच, तळ दिसत होता. पलीकडं पाण्याची खरी रुंदी होती, पण गावाकडच्या बाजूनं बेट जवळजवळ जमिनीला टेकायला आलं होतं.

बेट म्हणजे खरोखरच माळ होता. काळे दगड, दोन चिंचा, चार-दोन बाभळी आणि झोपड्या. भिंती कापसाच्या पऱ्हाट्यांच्या, वर मेणकापड, त्यावर जुनी जाळी टाकून दगड बांधलेले. दोऱ्यांवर मासे वाळत होते. त्यांचा वास पहिल्यांदा नाकात चढला, मग कळेनासा झाला. माणसं आपसांत त्यांच्या बोलीत बोलायची. मला त्यातला एखादाच शब्द लागायचा. माझ्याशी बोलताना ती आमच्यासारखं बोलत. पाहुणी आली म्हणून कुणी धावपळ केली नाही. मावशीच्या सुनेनं एक पोतं अंथरलं, माझ्यासमोर फाटकं जाळं टाकलं आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. मला हायसं वाटलं. सासरी मी कुठंही गेले की पहिली खुर्ची यायची आणि माझी पंचाईत व्हायची.

संध्याकाळी जेवायला बसलो. भाकरी आणि तिखट कालवण. माशाचे काटे काढायची मला सवय नव्हती, सून हसत होती. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं सहज विचारलं, "तुमी कुन्या घरच्या?"

मी घराणं सांगितलं. गावात ते सांगितलं की लोक सरसावून बसतात. इथं सुनेचं हसू थांबलं. एक माणूस ताट घेऊन उठला आणि बाहेर जाऊन बसला.

मी मावशीला विचारलं, "काय झालं?"

"जेवा आदी."

जेवण झाल्यावर तिनं मला बेटाच्या टोकाला नेलं. अजून उजेड होता. तिनं हातानं दाखवलं. पलीकडचा तो हिरवा मका, त्याच्या अलीकडचं काळंभोर ताजं नांगरलेलं, आणि मग हा पाण्याचा चिंचोळा पट्टा.

"ही समदी गाळपेर तुमच्या घरची हाय. पानी सरकतंय तसा टॅक्टर फुडं सरकतोय. आता ह्यो पट्टा आटला की बेटाला लागंल. आमचा तराफा लावायचा घाट ह्योच. पलीकडून खडक हाय, तिकडून चडता येत न्हाई."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"तुमाला माहीत न्हाई, ह्ये मला ठाव हुतं."

"मग मला इथं आणलं ते..."

"न्हाई, न्हाई," ती घाईनं म्हणाली. "बर्फ दिला म्हनून आनलं. त्या समद्यांस्नी मी सांगितलंच नव्हतं, तुमी कोनाच्या. सांगितलं असतं तर नको म्हनले असते."

त्या रात्री मला वाटलं, सकाळी उठून परत जावं. पण सकाळी सून आली आणि म्हणाली, "ताई, डोक्याला माती लावायची का?" काळ्या मातीचा गोळा तिच्या हातात होता. तिच्या चेहऱ्यावर कालचं काही नव्हतं. मी उठले.

बेटाच्या मागच्या बाजूला, खडकाच्या आडोशाला बायकांची अंघोळीची जागा. मी लुगड्यासकट मांडीएवढ्या पाण्यात बसले. सून माझ्या केसांना माती चोळत होती आणि पाणी ओतत होती. हंडाच्या हंडा पाणी, एकामागून एक. दर हंड्याला मला वाटत होतं, वाया चाललं. मी दोनदा म्हटलंही, "बास, बास." ती म्हणाली, "कुटं चाललंय ते? धरनातच पडतंय की." मग मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. का ते मला अजून सांगता येत नाही. ती पुढचा हंडा ओतत राहिली.

मावशीनं मला तरंगायला शिकवलं. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "आमच्यात पोरगी चालाय लागायच्या आदी पान्यावर पडून ऱ्हाते. तुमी तर एवड्या मोट्या." तिनं माझ्या पाठीखाली हात धरला. "मान सोडा. मान धरली की मानूस बुडतंय." मी मान सोडायची आणि लगेच ताठ करायची, नाकात पाणी, ठसका. बाकीच्या बायका काठावर जाळी झटकत बघत होत्या आणि आपसांत काहीतरी बोलून हसत होत्या. दुपारपर्यंत हेच. आणि मग एकदा कानांत पाणी गेलं, सगळा आवाज बंद झाला, वर नुसतं पांढरं आभाळ, आणि कळलं की मावशीचा हात पाठीखाली नाहीच. कळताच मी बुडाले. पण तोवर तरंगले होते. पुन्हा पडले, पुन्हा तरंगले. संध्याकाळी बोटांची कातडी सुरकुतली होती आणि काल ताट घेऊन उठून गेलेला माणूस, तो मावशीचा पुतण्या निघाला, त्यानं माझ्यापुढं भाजलेला मासा ठेवला. "काटे काडलेत," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आसरांची पूजा होती. घाटाच्या वर, चिंचेखाली, शेंदूर लावलेले सात दगड. आमच्याकडंही विहिरीवर, नदीवर या पाण्याच्या देवी, आसरा, असतात. पण आमच्यात नवस-नैवेद्य पुरुष पुढं होऊन करतात. इथं पुरुष लांब बसले होते. पाणी फार उतरलं की बायका आसरांना विचारतात, राहू का जाऊ? मावशीनं पहाटेच्या जाळ्यातला पहिला मासा जिताच परातीत आणला होता. तो दगडांपुढं ठेवला, तिच्या बोलीत बराच वेळ काहीतरी बोलली, मधेच रागावल्यासारखी, मधेच लाडात. मग परात पाण्याकडं नेली आणि मासा सोडला. आत गेला तर राहायचं, काठाशी घुटमळला तर जायचं. मासा आत गेला. बायकांनी सुस्कारा टाकला. मी आत्याबाईंचं हळदकुंकू वाहिलं. मावशीनं विचारलं, "कुनाचं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "धरनाच्या आदी हे दगड त्येंनीच शेंदरानं माखले आसतील. आमी आलो तवा शेंदूर हुताच."

आम्ही तिथंच जाळी सांधत बसलो होतो आणि ट्रॅक्टरचा आवाज आला.

पट्टा रात्रीतून आटला नव्हता, पण चिखलाएवढा राहिला होता. ट्रॅक्टर त्यातून सरळ घाटावर आला. मागं नांगर, आणि ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या बाजूला, पांढऱ्या कपड्यांत, माझे दीर. मागून पायी त्यांची दोन-तीन माणसं. दीर खाली उतरले, जमीन बघत पुढं आले, आणि बायकांत बसलेली मी त्यांना दिसले. केस मोकळे, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, मांडीवर जाळं.

"वैनी?"

"हं."

"तुमी हितं कशा?"

"सांगून आले होते घरी."

"मला वाटलं, माहेरी गेलता." त्यांनी मागं वळून आपल्या माणसांकडं बघितलं. ती माणसं तोंड फिरवून चिंच बघत होती. "उटा, चला घरी. हे काय बरं दिसतं का?"

मी उठले, पण गेले नाही. म्हटलं, "नांगर कुठपर्यंत घालणार?"

"ह्या चिंचंपत्तूर. समदी आपली जमीन हाय, वैनी. बापजाद्यांची."

"मोबदला घेतलाय आपण तिचा."

"घेतला. पन गाळपेराचा हक आपलाच हाय, कागद हाय माज्याकडं." मग त्यांचा आवाज खाली आला. मला ते अनपेक्षित होतं. "वैनी, मी काय द्राक्षं लावतोय का? मका लावतोय. छावनीत वैरन संपली. तुमच्या सोसायटीच्या बायकांच्याच गायी हायेत तिथं. त्या मेल्या तर पुन्यांदा दूध कुटून आननार तुमी?"

ते खोटं बोलत नव्हते. छावणीतल्या गायींच्या फासळ्या मी बघितल्या होत्या. मी मावशीकडं वळले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, तुम्हाला काय काय पाहिजे?"

मावशी उठून माझ्या शेजारी आली. दिरांकडं न बघता, जमिनीकडं बघत बोलली. "जमीन न्हाई मागत आमी. तराफा लावाय घाट पायजे, आन घाटापत्तूर वाट. आन आसरांपुडं नांगर नको. बाकी करा तुमी पेरा. जनावरं जगली पायजेत."

"वाट केवडी?"

"दोन मानसं जाळं घिऊन जातील एवडी."

दिरांच्या माणसांपैकी एकजण पुढं होऊन म्हणाला, "आसं ऐकत बसलो तर समदा गाळ ह्येंचाच हुईल." दीर त्याच्यावर खेकसले, "तू गप बे!" मग मला म्हणाले, "तुमी म्हनताय म्हनून." ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं. वहिनीशी भांडले, ही गोष्ट त्यांना संध्याकाळच्या आत गावात जाऊ द्यायची नव्हती. मीही त्याचा फायदा घेतला. म्हटलं, "भाऊजी, खुणा आत्ताच घालू."

मावशीच्या पुतण्यानं आणि दिरांच्या माणसांनी दगड रचून वाट आखली. एकमेकांशी न बोलता. आसरांभोवती दगडांचा एक गोल घातला. मग ट्रॅक्टर उरलेल्या जमिनीत नांगर घालून निघून गेला. दिरांनी मला पुन्हा चला म्हटलं नाही.

मी संध्याकाळच्या एस्टीनं एकटी परतले. मावशी काठापर्यंत आली. "मका वाडला की वाट दिसनार न्हाई," ती म्हणाली. "पन आमाला ठाव हाय, कुटं हाय ते."

घरी आत्याबाईंनी पहिलं विचारलं, "हळदकुंकू वाहिलंस?" दुसरं काही नाही. दीर मात्र माझ्याशी पुढं कित्येक महिने बोलले नाहीत. ताट वाढलं की मुकाट्यानं जेवायचे, काही हवं असलं तर जावेला सांगायचे. मका आला, छावणीत गेला, गायी जगल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. पेऱ्याच्या वेळीच वाट दगडांच्या खुणेपेक्षा अरुंद झाली होती. कडेच्या दोन ओळी कुणीतरी वाटेत पेरल्या होत्या. मावशी बाजारात भेटली तेव्हा तिनं ते सांगितलं. तक्रारीसारखं नाही. मी दिरांना निरोप धाडला. त्या ओळी काही निघाल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात उशिरा का होईना, धरण निम्म्याच्या वर भरलं. गाळ, मक्याची धसकटं, दगडांची वाट, सगळं खाली गेलं आणि बेट पुन्हा पाण्यात एकटं उभं राहिलं. दिवाळीनंतर आमची सोसायटी उघडली. पहिल्या दिवशी दोनच कॅन भरले.

दीर माझ्याशी बोलले ते त्यांच्या मुलीच्या लग्नात. मांडवात गडबड चालली होती. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वैनी, पोरीच्या सासरी नदी हाय. तिला पोहायला येत न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "तुमाला शिकवलं त्या म्हातारीनं, हिलाबी शिकवंल का?"

मी म्हटलं, शिकवेल. पुतणी माहेरपणाला आली तेव्हा तिला घेऊन गेले. या वेळी दोघी तराफ्यावर बसलो आणि पाणी खरंच खोल होतं.